वनविद्या शिक्षण, भारतातील

वनांचे संरक्षण व संवर्धन आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाची कायम स्वरूपाची व्यवस्था यांसाठी लागणारे व्यावसायिक ज्ञान तरुणांना देणारी शिक्षणपद्धती. पर्यावरण व शाश्वत विकास ह्या संज्ञा रूढ होण्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे भारतात ही पद्धती सुरू झाली. नैसर्गिक संपत्ती राखणे हा शिकून करावयाचा स्वतंत्र व्यवसाय आहे, ही कल्पना देशात प्रामुख्याने तिच्यामुळे रुजली. तथापि हे शिक्षण कोणाला व कशासाठी द्यावयाचे, हे दीर्घकाळ शासनाच्या गरजांवरून ठरत गेले. पिढ्यान् पिढ्या वनांत राहणाऱ्या समाजांतील तरुण त्यापासून बहुतांशी दूर राहिले. ही विसंगती ह्या शिक्षणाच्या इतिहासात आरंभापासून आढळते व ती अद्यापि पूर्णपणे दूर झालेली नाही.

पूर्वपीठिका : कंपनी सरकारच्या काळात वनांची देखरेख करण्यासाठी वेगळे शिक्षण घेतलेला कर्मचारीवर्ग नव्हता. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये वनसंरक्षक म्हणून नेमले गेलेले अलेक्झांडर गिब्सन (१८००–६७) आणि मद्रास इलाख्यात १८५६ मध्ये त्याच पदावर आलेले ह्यू क्लेगहॉर्न (१८२०–९५) हे दोघेही व्यवसायाने वैद्यक शल्यचिकित्सक होते. वनस्पतिशास्त्र हा त्या काळी वैद्यकीय शिक्षणाचा भाग असल्याने हे काम त्यांच्याकडे आले. गिब्सन पुण्याजवळील दापुरी येथील वनस्पती उद्यानाचेही प्रमुख होते.

लॉर्ड डलहौसी यांनी १८५५ मध्ये वनविषयक धोरणाची रूपरेषा मांडली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यानंतर रेल्वेच्या विस्ताराबरोबर स्लीपरांसाठी लाकडाची मागणी झपाट्याने वाढली. प्रक्रिया न करताही टिकणारे साग, साल व देवदार ह्या मोजक्याच जातींचे लाकूड प्रारंभी उपयोगी पडत असल्याने सुगम भागांतील ह्या वृक्षांची मोठी तोड झाली. लाकडाचा पुरवठा खंडित होईल ही भीती हेच संघटित वनव्यवस्थापनाचे तात्कालिक कारण ठरले.

ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांची व्यवस्था १८५६ पासून पाहणारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस (१८२४–१९०७) यांची १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नियुक्ती झाली. ब्रह्मदेशात त्यांनी ‘ताउंग्या’ ह्या पद्धतीचा उपयोग करून घेतला. तीत करेन जमातीचे फिरते शेतकरी आपल्या डोंगरावरील शेतांत पिकाबरोबर सागाचे रोप लावीत आणि शेत सोडून गेल्यावर तेथे सागाचे वन उभे राही. स्थानिक लोकांचे ज्ञान व श्रम यांवाचून वनविद्या उभी राहू शकत नाही, हे ह्या पहिल्याच प्रयोगात स्पष्ट झाले होते.

परदेशातील प्रशिक्षण : वरिष्ठ अधिकारी तयार करण्याची सोय त्या काळी भारतात वा इंग्लंडमध्येही नव्हती. ब्रँडिस यांच्या प्रयत्नाने १८६७ पासून निवडक उमेदवार जर्मनीत व फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात पाठविले जाऊ लागले. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कूपर्स हिल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात वनविद्येची शाखा उघडण्यात आली व १९०५ मध्ये ती ऑक्सफर्ड विद्यापीठात गेली. दोन्ही ठिकाणी तिचे नेतृत्व विल्यम श्लिख (१८४०–१९२५) यांच्याकडे होते. ब्रँडिस यांच्यानंतर तेच भारताचे वनमहानिरीक्षक झाले होते, तसेच इंडियन फॉरेस्टर ह्या नियतकालिकाची सुरुवातही १८७५ मध्ये त्यांनी केली होती.

वनात जेवढी वाढ होते तेवढीच तोड करावी, म्हणजे मूळ ठेवा कायम राहून उत्पन्न अखंड मिळत राहते, हे ह्या युरोपीय परंपरेचे मुख्य तत्त्व होते. शाश्वत विकासाच्या आधुनिक कल्पनेचे एक मूळ त्यात आढळते. मात्र ह्या हिशेबात प्रामुख्याने इमारती लाकूड धरले जाई. चराई, जळण, मोहाची फुले, कंदमुळे व औषधी वनस्पती यांवर जगणाऱ्या माणसांना त्यात दुय्यम स्थान होते.

डेहराडून येथील शाळा : क्षेत्रीय कामासाठी लागणारा मधल्या श्रेणीचा कर्मचारीवर्ग देशातच तयार करावा, ह्या हेतूने ब्रँडिस यांनी १८७८ मध्ये डेहराडून येथे वनशाळा स्थापन केली. १८८४ मध्ये ती मध्यवर्ती शासनाच्या नियंत्रणाखाली आली. वनसंवर्धन, वनमापन, सर्वेक्षण, वनस्पतिशास्त्र, भूविज्ञान, वनोपयोग व वनकायदा हे येथील प्रमुख विषय होते. आसपासची वने प्रात्यक्षिकांसाठी उपलब्ध असल्याने विद्यार्थ्यांना झाडांची मोजणी, खुणा करणे, लागवड, रस्ते व जाळपट्टे आखणे ही कामे प्रत्यक्ष करावी लागत. पुस्तकी अभ्यास व क्षेत्रीय काम यांची ही सांगड हे त्या शिक्षणाचे सर्वांत टिकाऊ वैशिष्ट्य होय. १९०६ मध्ये येथेच वनसंशोधन संस्था स्थापन झाली आणि शिक्षणाला संशोधनाची जोड मिळाली.

प्रादेशिक गरजेनुसार अन्यत्रही सोयी झाल्या. पुण्याच्या ‘कॉलेज ऑफ सायन्स’मध्ये (नंतरचे अभियांत्रिकी महाविद्यालय) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अभियांत्रिकीबरोबर वनविद्येचेही वर्ग चालत. मद्रास इलाख्यातील कोईमतूर येथे १९१२ मध्ये वनमहाविद्यालय सुरू झाले.

ह्या व्यवस्थेत श्रेणींची उतरंड स्पष्ट होती. युरोपात शिकलेले वरिष्ठ अधिकारी बहुतेक सर्व युरोपीय असत. डेहराडून येथे शिकलेले भारतीय वनक्षेत्रपाल होत आणि फार थोड्यांना त्यापुढे बढती मिळे. सर्वांत खालच्या पायरीवरील वनरक्षक व मजूर यांना शिक्षण असे फारसे मिळत नसे. जे. एस्. गॅम्बल हे १८९० ते १८९९ ह्या काळात डेहराडूनच्या शाळेचे प्रमुख होते. भारतीय लाकडांवरील त्यांच्या ग्रंथात (१८८१) वृक्षांची देशी नावे मोठ्या प्रमाणावर नोंदविली आहेत. ही नावे सांगणारे लोक मात्र शाळेच्या वर्गात कधी आले नाहीत.

कायदा आणि असंतोष : १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी विस्तीर्ण क्षेत्र राखीव झाले आणि प्रशिक्षित अधिकारी हा त्या कायद्यांची अंमलबजावणी करणारा अधिकारीही ठरला. डोंगर व गायराने जंगलखात्याकडे गेल्याने शेतकऱ्यांची जी कोंडी झाली, तीवर महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) ह्या ग्रंथात कठोर टीका केली. १९३० मधील जंगल सत्याग्रहात पुसद, चिरनेर, बिळाशी इ. ठिकाणी हाच असंतोष उघडपणे व्यक्त झाला.

शास्त्रीय दृष्ट्याही काही शिकवणुकी एकांगी ठरल्या. वणवा हा वनाचा निरपवाद शत्रू होय, असे प्रारंभी शिकविले जाई. परंतु सालच्या ओलसर वनांत आगीपासून कडेकोट संरक्षण केल्यावर रोपांचे पुनर्जनन खुंटते, असे अधिकाऱ्यांच्याच निरीक्षणास आले व विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तेथे नियंत्रित जाळण्याचा अवलंब करण्यात आला. गवत जाळण्याच्या ज्या प्रथेला अज्ञान म्हटले गेले होते, तीत काही अनुभवसिद्ध तथ्य होते, हे ह्यावरून दिसून येते.

भारतीयीकरण व स्वातंत्र्योत्तर काळ : वरिष्ठ सेवेत भारतीयांचे प्रमाण वाढविण्याच्या धोरणानुसार १९२६ मध्ये वरिष्ठ उमेदवारांचे प्रशिक्षण डेहराडून येथे सुरू झाले. ते १९३२ मध्ये बंद पडले. १९३८ मध्ये ‘इंडियन फॉरेस्ट कॉलेज’ ह्या नावाने ही सोय पुन्हा उपलब्ध झाली. भारतीय वनसेवेची स्थापना १९६६ मध्ये झाली व १९८७ मध्ये उपर्युक्त महाविद्यालयाचे रूपांतर इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत करण्यात आले. १९८० च्या तुकडीपासून ह्या सेवेत स्त्रियांचाही प्रवेश झाला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पंचवीस वर्षे अभ्यासक्रमाचा भर औद्योगिक लागवड व उत्पादन यांवरच राहिला. त्यात बदल घडला तो १९७० नंतर. १९७३ मध्ये गढवालमध्ये सुरू झालेले चिपको आंदोलन, राष्ट्रीय कृषी आयोगाचा अहवाल (१९७६), त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षणाला संविधानात मिळालेले स्थान आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा यांनी वनाधिकाऱ्याचे काम बदलले. १९८२ मध्ये डेहराडून येथे भारतीय वन्यजीव संस्था व भोपाळ येथे भारतीय वनव्यवस्थापन संस्था ह्या नव्या विषयांच्या संस्था निघाल्या.

विद्यापीठीय शिक्षण : वनविद्या तोपर्यंत सेवेत निवड झालेल्यांनाच शिकता येत असे. कृषी विद्यापीठांत ती खुली करावी, ह्या राष्ट्रीय कृषी आयोगाच्या शिफारशीनंतर १९८५ च्या सुमारास अनेक राज्यांत पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. महाराष्ट्रात दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत ही सोय झाली. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेला १९९१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत पर्यावरण शिक्षणाचा अंतर्भाव सर्व स्तरांवर करण्याचे निर्देश दिले आणि कालांतराने पदवीपूर्व वर्गांना हा विषय आवश्यक झाला.

ह्या विस्ताराबरोबर एक नवी अडचण निर्माण झाली. पूर्वी आधी नेमणूक व मग शिक्षण असा क्रम होता. आता शिक्षण आधी मिळाले, परंतु नेमणुकीची हमी राहिली नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस विज्ञान व अभियांत्रिकीच्या विविध शाखांचे पदवीधर बसू शकतात. वनविद्येच्या पदवीधराला त्यात राखीव असे स्थान नाही. ज्या विषयाचे खास शिक्षण दिले जाते, त्याच विषयाच्या सेवेत त्या शिक्षणाला निर्णायक महत्त्व नसावे, ही तक्रार वनविद्येचे विद्यार्थी व शिक्षक सातत्याने करीत आले आहेत.

वनवासी समाज आणि शिक्षण : प. बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यात आराबारी येथे १९७२ पासून उजाड सालवनाचे रक्षण गावकऱ्यांकडे सोपवून उत्पन्नात त्यांना वाटा देण्यात आला व वन पुन्हा उभे राहिले. १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण आणि १९९० चे संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक यांना ह्या अनुभवाचा आधार होता. त्यानंतर ग्रामस्थांशी चर्चा करणे, लोकसहभागाने आराखडा करणे हे विषय वनाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आले.

वनहक्क कायद्याने (२००६) ग्रामसभेला सामूहिक वनक्षेत्राच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर क्षेत्रावर असा हक्क मिळाला व २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. ह्या गावात त्यापूर्वीच देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल इत्यादींच्या पुढाकाराने अभ्यासगट चालत असत. त्यांत वनाची मोजदाद, कायदा, हिशेब ह्या विषयांवर गावकरी स्वतः चर्चा करीत व निर्णय सर्वसहमतीने घेत. डेहराडूनच्या वर्गांत जे विषय शिकविले जात, त्यांपैकी कित्येक येथे गावाच्या गरजेतून अभ्यासले गेले. अशा ज्ञानाला प्रमाणपत्र मात्र नव्हते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेला हरित कौशल्य विकास कार्यक्रम हा ह्याच उणिवेवरील उपाय होता. पदवी नसलेल्या तरुणांनाही वनस्पती व प्राणी यांची ओळख, जैवविविधतेच्या नोंदी, प्रदूषणमापन इ. विषयांचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण द्यावे, अशी त्यात योजना होती. प्रशिक्षितांना कायमचे काम कोण देणार, हा प्रश्न मात्र अशा कार्यक्रमांनाही टाळता आला नाही.

मूल्यमापन : वनाकडे दीर्घ कालखंडाच्या दृष्टीने पाहण्याची सवय, अचूक मोजमाप आणि प्रत्यक्ष क्षेत्रात शिकण्याची शिस्त ह्या भारतीय वनविद्या शिक्षणाच्या मोलाच्या देणग्या होत. सागाचे झाड तोडणीयोग्य होण्यास माणसाच्या संपूर्ण सेवाकाळाहून अधिक वर्षे लागतात. स्वतःला न दिसणाऱ्या फळासाठी काम करण्याची वृत्ती ह्या शिक्षणाने पिढ्यांतून निर्माण केली. ज्ञान व अधिकार एकाच हाती एकवटणे हा त्याचा मुख्य दोष होता. शिकलेल्याच्या हाती वन होते, परंतु वनाशी त्याचा संबंध बदलीपुरता असे. ज्याचे सारे आयुष्य वनात जाई, त्याला शिकण्याची संधी नव्हती. वनहक्कांमुळे अधिकाराची विभागणी आता कायद्याने झाली आहे. ज्ञानाची विभागणी त्या प्रमाणात होण्यासाठी महाविद्यालयांतील पदवीधर आणि ग्रामसभांतील तरुण ह्या दोघांनाही पुरेसे शिक्षण व स्थिर काम मिळणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास हक्क मिळालेल्या गावांना आपल्या वनाचा आराखडा करण्यासाठीही बाहेरच्या तज्ञांवरच अवलंबून राहावे लागेल.