गॅरामाँड इटॅलिक

गॅरामाँड इटॅलिक : रोमन लिपीतील तिरप्या वळणाचा, सेरिफयुक्त अभिजात पुस्तकी टाइप. नाव पॅरिसचे मुद्राक्षरकार क्लोद गॅरामाँ (मृत्यू १५६१) यांचे. पण आज या नावाने वापरात असलेल्या चांगल्या इटॅलिकांचा नमुना बहुतेक वेळा त्यांचे समकालीन रोबेर ग्रांझाँ यांचा असतो. गॅरामाँ यांनीही थोडी इटॅलिके कोरली, पण त्यांची खरी सिद्धी उभ्या रोमन अक्षरांत. म्हणून फ्रँकफुर्टच्या १५९२ च्या एगेनोल्फ-बेर्नर नमुनापत्रात गॅरामाँचे रोमन आणि ग्रांझाँचे इटॅलिक शेजारी आले, आणि ती जोडी टिकली. रॉबर्ट स्लिमबाख यांनी १९८९ मध्ये अडोबीसाठी केलेला गॅरामाँड याच जोडीवर उभा आहे.

इटॅलिक म्हणजे कललेले रोमन नव्हे, हे या टाइपात सर्वांत स्पष्ट दिसते. त्याचे मूळ इटलीतील विद्वानांच्या भरभर लिहिलेल्या हस्ताक्षरात आहे. फ्रांचेस्को ग्रिफो यांनी ते पोलादी ठशांवर कोरले आणि व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस यांनी १५०१ मध्ये त्यात व्हर्जिलचे काव्य छापले. तेव्हा कॅपिटल अक्षरे मात्र उभीच होती. ग्रांझाँच्या हातात तीही कलली. छोटा ‘ए’ एकाच पोटाचा होतो, ‘एफ’ची शेपटी ओळीखाली उतरते, अक्षरे अरुंद आणि फिकी पडतात. कलही सर्वत्र सारखा नसतो. यंत्राला न साधणारी ती किंचित अस्थिरताच ओळीला चाल देते.

‘एफ’च्या दोन्ही टोकांनी छापखान्यांना फार छळले. ती खिळ्याच्या अंगाबाहेर आलेली असत आणि हाताळताना तुटत. लायनोटाइप यंत्रावर तर असा लोंबता भाग चालतच नसे, त्यामुळे तिथे ‘एफ’ आखडून घ्यावा लागला. यान चिखोल्ड यांच्या, गॅरामाँच्याच वळणाच्या ‘साबोन’ टाइपात (१९६७) याच यंत्राच्या गरजेसाठी इटॅलिक आणि रोमन अक्षरे एकाच रुंदीची केली आहेत. पान नीटस दिसते, पण इटॅलिकाचा मूळचा आटोपशीरपणा त्यात हरवला आहे.

सोळाव्या शतकात प्रस्तावना, काव्य, कधी सबंध ग्रंथही इटॅलिकात छापत. पुढे त्याचे काम रोमन मजकुरात वेगळेपण दाखवण्यापुरते उरले : ग्रंथनामे, परभाषेतील शब्द, जोर द्यायचा शब्द आणि वनस्पती-प्राण्यांची शास्त्रीय नावे. कविता, अर्पणपत्रिका, निमंत्रणपत्रिका यांत ते अजूनही एकट्याने शोभते. सलग पानेच्या पाने मात्र डोळ्यांना शिणवतात. सगळी कॅपिटल अक्षरे किंवा अक्षरांमध्ये मोकळी जागा, हे दोन्ही या टाइपाला मारक आहे. संगणकाने रोमन अक्षर नुसते तिरके करून बनवलेले ‘इटॅलिक’ गॅरामाँडच्या पानावर लगेच खटकते.

देवनागरीत या जातीची स्वतंत्र वळणाची जोडलिपी रूढ झाली नाही. मराठी छपाईत तेच काम ठळक टाइप आणि अवतरणचिन्हे करतात. तिरपी देवनागरी ही बहुधा यांत्रिक कलच असते.