फुटक्या अंड्यांचा हिशेब

लंडनच्या उंच इमारतींवर बहिरी ससाणे दिसतात, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. टेट मॉडर्नच्या धुराड्यावर बसलेला ससाणा आपल्यापैकी काहींनी मुलांना दाखवलाही असेल. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन हा याचाच भाऊबंद. साठ वर्षांपूर्वी हा पक्षी या देशातून नाहीसा होण्याच्या मार्गावर होता. तो का नाहीसा होतो आहे हे ज्यांनी शोधून काढले, त्या डेरेक रॅटक्लिफ यांचे नाव आपल्या मंडळींत क्वचितच निघते. मी नोकरीची सगळी वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मोजमापे करण्यात घालवली. त्यामुळे असेल, पण मला या माणसाचा वजनकाटाच जास्त भावतो.

रॅटक्लिफ यांचा जन्म १९२९ चा. बालपण कार्लाइलला गेले. लेक डिस्ट्रिक्ट आणि स्कॉटलंडच्या सीमेवरचे डोंगर तिथून जवळ, आणि शाळकरी वयापासून त्यांना कड्यांवरची ससाण्यांची घरटी शोधण्याचे वेड. शिक्षण मात्र वनस्पतिशास्त्राचे झाले. पुढे ते सरकारच्या नेचर कॉन्झर्व्हन्सीत रुजू झाले.

दुसऱ्या महायुद्धात विमानदलाच्या निरोप्या कबुतरांना धोका नको म्हणून सरकारी हुकमाने सुमारे ६०० ससाणे मारले गेले. पुढे १९५४ च्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण मिळाले. पण १९६० मध्ये शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी गृहखात्याकडे गाऱ्हाणे नेले की ससाणे फार माजले आहेत, त्यांचे संरक्षण काढून घ्या. तेव्हा आधी मोजणी करू, असे ठरले. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीतर्फे १९६१-६२ मध्ये पाहणी झाली आणि तिची सूत्रे रॅटक्लिफ यांच्याकडे आली. निघाले भलतेच! १९६३ पर्यंत युद्धापूर्वीच्या जागांपैकी जेमतेम ४४ टक्के जागांवर ससाणे उरले होते. दक्षिण इंग्लंडचे कडे तर जवळजवळ ओस पडले होते. तक्रार केली कबुतरवाल्यांनी, आणि भले झाले ससाण्याचे.

प्रौढ पक्षी मरत होते त्याचे मुख्य कारण लवकरच ध्यानात आले. शेतकरी बियाण्याला डिल्ड्रिनसारखी विषारी द्रव्ये लावत. ते बियाणे कबुतरे खात आणि कबुतरांना ससाणे. पण आणखी एक कोडे होते. १९५० नंतर रॅटक्लिफ यांना घरट्यांत फुटलेली अंडी सापडू लागली होती. कधी कधी आईच स्वतःची अंडी खाताना दिसे. पूर्वी असे सहसा घडत नसे. १९५८ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला, पण कारण सापडले नव्हते.

कारण सापडले ते अंडीचोरांच्या कपाटांत. आपल्याकडे लोक पोस्टाची तिकिटे जमवतात, तशी इथल्या काही लोकांना पक्ष्यांची अंडी जमवण्याची हौस होती. बारीक भोक पाडून आतला बलक काढायचा आणि कवचावर तारीख व ठिकाण टिपून ठेवायचे. पक्षिप्रेमींना या मंडळींचा तिटकारा, आणि तो रास्तच. पण विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची कवचे त्यांच्याचकडे होती. कवच न फोडता जाडी कशी मोजणार? रॅटक्लिफ यांनी साधी युक्ती केली. कवचाचे वजन करायचे आणि त्याला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचे. संग्रहालयांतली आणि खासगी संग्रहांतली कवचे त्यांनी अशी तपासली. १९४६ पर्यंत आकडा जवळजवळ स्थिर होता. १९४७ च्या सुमारास तो एकदम घसरला, जवळपास पाचव्या हिश्शाने. डीडीटीचा सर्रास वापर नेमका तेव्हाच सुरू झाला होता.

हा निबंध १९६७ मध्ये ‘नेचर’ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हिकी आणि अँडरसन यांना तिथल्या संग्रहांतही तेच आढळले. या विषांवर एकेक करून निर्बंध आले आणि ससाणा परतला. २०१४ च्या पाहणीत ब्रिटनमध्ये त्याच्या १,७०० हून अधिक जोड्या मोजल्या गेल्या.

१९७३ पासून १९८९ पर्यंत रॅटक्लिफ नेचर कॉन्झर्व्हन्सी कौन्सिलचे मुख्य शास्त्रज्ञ होते. उत्तर स्कॉटलंडच्या फ्लो कंट्रीत श्रीमंतांना करसवलत देऊन दलदलीच्या जमिनीवर सूचिपर्णी झाडे लावली जात होती. तिथे घरटी करणाऱ्या पाणथळ पक्ष्यांच्या बाजूने कौन्सिल १९८७ मध्ये उघडपणे उभी राहिली. १९८८ च्या अर्थसंकल्पात करसवलत गेली. १९८९ मध्ये कौन्सिलचेच तीन तुकडे करण्याची घोषणा झाली. हा योगायोग नव्हता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातलाच. रॅटक्लिफ २००५ मध्ये गेले. फ्लो कंट्रीला २०२४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

आपल्या देशातल्या गिधाडांची कथा याच वळणाची आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजताना त्यांच्या लक्षात आले की पक्षी झपाट्याने मरत आहेत. गुरांना वेदनाशामक म्हणून देत त्या डायक्लोफेनॅकवर २००४ मध्ये बोट ठेवले गेले आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादे उरली होती, आणि मुंबईच्या पारशी मंडळींच्या दख्म्यांवरचे आकाश रिकामे झाले होते. भरतपूरची पहिली मोजणी झाली तेव्हा मात्र गिधाडे एवढी होती, की ती कशाला मोजायची असेच कुणालाही वाटले असते.