मिठाची ओढ

गाय मिठाचा खडा चाटूं लागली म्हणजे गुराख्यास त्यांत नवल वाटत नाहीं. पण जनावराची ही ओढ किती खोल आहे, हें वैद्यकास फार उशिरां उमगलें. त्या इतिहासांतील एक करुण प्रकरण आज वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें कर्ट रिक्टर या शास्त्रज्ञानें कांहीं उंदरांच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी काढून टाकल्या. या ग्रंथी गेल्या कीं शरीरांतील मीठ मूत्रावाटे वाहून जातें व प्राणी थोड्याच दिवसांत मरतो. परंतु साध्या पाण्याशेजारीं खारें पाणी ठेवतांच ते उंदीर तें भरपूर पिऊं लागले आणि जगले. हा प्रयोग १९३६ सालीं प्रसिद्ध झाला. उंदरांस हें कोणीं शिकविलें नव्हतें.

पुढें १९४० सालीं विल्किन्स व रिक्टर यांनीं साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. हा मुलगा मिठासाठीं हट्ट धरी, नुसतें मीठ खाई. बोलूं लागल्यावर त्याच्या आरंभींच्या मोजक्या शब्दांत ‘मीठ’ हा एक शब्द होता. रुग्णालयांत त्यास इतर मुलांसारखा ठराविक आहार मिळूं लागला आणि सात दिवसांत तो दगावला. शवपरीक्षेंत त्याच ग्रंथी निकामी झालेल्या आढळल्या. त्याचा हट्ट हेंच त्याचें औषध होतें, हें तो गेल्यावर कळलें.

हा हट्ट उत्पन्न कोठें होतो? १९५३ सालीं या ग्रंथींतील आल्डोस्टेरोन हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तें मूत्रपिंडांकरवीं मीठ राखून ठेवतें. शरीरांत मीठ घटलें कीं रक्तांत आल्डोस्टेरोन व अँजिओटेन्सिन हीं दोन्ही द्रव्यें वाढतात व मेंदूसही वर्दी देतात. मेंदू जेथें मज्जारज्जूस मिळतो तेथें आल्डोस्टेरोन ओळखणाऱ्या थोड्याशा पेशी आहेत. त्या उद्दीपित केल्या असतां उंदीर मिठाकडे धांव घेतात, असें २०१७ सालीं दाखविण्यांत आलें. त्या मुलाच्या ग्रंथीच निकामी झाल्या होत्या. अशा शरीरांत आल्डोस्टेरोन उरत नाहीं. मात्र अँजिओटेन्सिन पुष्कळ वाढतें, आणि ओढ लावावयास तें पुरेसें होतें.

मीठ बेतानें खावें, हा आजचा उपदेश बहुतेकांस योग्यच आहे. तरीहि घरांतील एखादें अशक्त मूल वारंवार मीठ खातांना दिसलें, तर त्यास दटावण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.