बुरशी, जनुक आणि गुळगुळीत मेंदू

ताईच्या मुलीच्या एमआरआय रिपोर्टवर 'लिसेनसेफली' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. अर्थ, गुळगुळीत मेंदू. अक्रोडासारख्या वळ्या नाहीतच, किंवा अगदी मोजक्या. पाचव्या महिन्यात तिला झटके सुरू झाले होते. मान धरत नव्हती, दूध पिताना ठसका लागायचा. घरात चर्चा मात्र भलतीच: गरोदरपणी ताई ग्रहणात गॅलरीत गेली होती म्हणे. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण बग कुठून आला ते लॉग उलटे वाचत शोधायची सवय, म्हणून जुने शोधनिबंध उघडले.

१९६३ साली मिलर यांनी हा आजार असलेल्या दोन भावंडांची नोंद केली. १९६९ मध्ये डीकर यांनी आणखी काही मुलांची. एकाच घरात दोन मुलं, म्हणजे आईबाप दोघांकडून सुप्त दोष येत असणार, असं बरीच वर्षं मानलं गेलं. १९८३ मध्ये डॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा मुलांत १७व्या गुणसूत्राच्या टोकाचा तुकडाच गायब असतो. १९९३ मध्ये तिथलं जनुक सापडलं. नाव 'लिस-१'.

आता खरी मजा. त्याआधी, सत्तरच्या दशकात, रॉन मॉरिस अमेरिकेत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीवर काम करत होते. त्यांच्याकडच्या काही बिघडलेल्या वाणांत तापमान वाढवलं की पेशीतली केंद्रकं धाग्यात पुढे सरकायचीच नाहीत, एकाच टोकाला गर्दी करून बसायची. १९९५ मध्ये त्यातलं एक जनुक वाचलं गेलं, तर ते माणसाच्या लिस-१चं भावंड निघालं! बुरशीला मेंदू नाही, वळ्या नाहीत. पण केंद्रक ओढून नेणारी यंत्रणा तीच. डायनिन नावाचं प्रथिन पेशीतल्या रुळांवरून ओझं ओढतं आणि लिस-१ त्याला मदत करतं.

गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे चेतापेशी मेंदूच्या आतल्या पोकळीजवळ जन्मतात आणि पृष्ठभागाकडे चालत जातात. उशिरा निघालेले आधीच्यांना ओलांडून वर जातात, असे सहा थर लागतात. केंद्रक ओढलं गेलं नाही तर पेशी वाटेतच थांबतात. मग जाड, चार थरांचं, सपाट कवच बनतं. त्यातूनच झटके, ढिले स्नायू, खुंटलेली वाढ.

मला एक गोष्ट खटकली होती. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक गेली तर दुसरी आहेच की. पण दुसरी प्रत बॅकअप नसते. दोन्ही रोज कामाला असतात, आणि या जनुकात अर्ध्या मालावर भागत नाही.

तुकडा बहुतेक वेळा मुळात बाळातच नव्याने गळतो. क्वचित आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत अदलाबदल असते. त्यांना त्रास नसतो, पण पुढच्या बाळाला धोका असतो. मिलरनी पाहिलेली भावंडं बहुधा अशीच. म्हणून ताई-भाऊजींचीही तपासणी झाली.

"माझं काही नाही ना?" एवढंच ताईने विचारलं.

दोघांचे रिपोर्ट नॉर्मल आले. तिने ते फॅमिली ग्रुपवर टाकले, खाली काहीच न लिहिता. मग आठची गोळी वाटून पाजायला उठली.