तिकिटावरची तारीख

भारतीय टपाल खात्याने अर्देशर कर्सेटजी वाडिया यांच्या स्मरणार्थ २७ मे १९६९ रोजी तिकीट काढले. त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा, मृत्यू १६ नोव्हेंबर १८७७ चा. मग ही तारीख कोणती? २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य निवडले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही १९१८ साली.

मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशर यांनी १८३३ साली ६० टनांचे ‘इंडस’ पाण्यात उतरवले. १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात त्यांनी गॅसचे दिवे लावले. १८४१ सालीच ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतील आपल्या बाष्पयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंतापद त्यांच्याकडे सोपवले. तेथे युरोपीय सहायक त्यांच्या हाताखाली काम करीत. १८५७ साली ते निवृत्त झाले.

स्वतंत्र भारताने त्यांचे स्मरण केले, ते लंडनने मान्यता दिली त्या दिवशी. कंपनीच्या राज्यात एका भारतीयाच्या आज्ञेत युरोपीय यंत्रज्ञ राबत होते, ही मुंबईच्या गोदीतील घटना त्या मानाहून लहान खचित नव्हती. स्मारक कोणाचे, याइतकेच ते कोणत्या दिवसाचे, हेही पाहावे लागते.