कुलाब्यात मळलेला कार्बन

भंडारदऱ्याचं धरण काठोकाठ भरलं की सुमारे ११ टीएमसी पाणी साठतं. त्यात पन्नास किलोचं एक पोतं डोपामिन विरघळवलं, तर द्रावण होईल जेमतेम १ नॅनोमोलार. मेंदूतलं हे संदेशवाहक रसायन तिथल्या पेशींभोवतीच्या द्रवात एरवी असतं ते याच्याच आसपास. भरीला तिथं ‘क’ जीवनसत्त्व लाखो पटींनी जास्त. धरणाच्या हिशेबात हजारावर ट्रक. त्यात साध्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर दोघंही जवळपास सारख्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतात. मग त्यातून पोतं हुडकायचं कसं?

या इलेक्ट्रोडांचं घराणं पाऱ्याचं. प्रागच्या यारोस्लाव हेरोव्स्कींनी १९२२ मध्ये ठिबकता पारा वापरला. दर थेंबाला नवा, कोरा पृष्ठभाग. १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण धन व्होल्टेज जरा चढवलं की पारा स्वतःच विरघळू लागतो, म्हणजे डोपामिनच्या ऑक्सिडेशनला तो निकामी. कॅन्ससच्या राल्फ ॲडम्सना म्हणून कार्बनच थेंबाथेंबानं गळवायचा होता. ते जमलं नाही. हाती उरला लगदा. १९५८ मध्ये त्यांनी तोच इलेक्ट्रोड म्हणून प्रसिद्ध केला आणि १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह उंदराच्या मेंदूत खुपसून मोजमाप घेतलं. फसलेल्या बेतातून निघालेली इतकी टिकाऊ वस्तू विरळाच.

१९९१ मध्ये जपानच्या सुमियो इजिमांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांची रचना दाखवली. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या पुलिकेल अजयन यांनी थॉमस एबेसन यांच्यासह १९९२ मध्ये त्या ग्रॅमच्या मापात करून दाखवल्या. पुढची पायरी मात्र मुंबईतली, आणि ती आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. व्ही. संथानम आणि पी. जे. ब्रिटो यांनी नळ्यांची पूड ब्रोमोफॉर्ममध्ये मळून इलेक्ट्रोड केला. अजयन यांच्यासह त्यांचा निबंध आला १९९६ मध्ये, विषय डोपामिनच. व्होल्टेज चढताना रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, उतरताना परत घेतो. आलेखावर एक शिखर वर, एक खाली. देवघेव विनासायास झाली तर दोन शिखरांत फक्त ३० मिलिव्होल्टच्या आसपास अंतर राहतं, एरवी ती लांब सरकतात. या इलेक्ट्रोडवर अभिक्रिया दोन्ही दिशांनी विनासायास होते, असं त्यांनी नोंदवलं.

नंतर नॅनोनळ्यांचा इतका उदोउदो झाला की कशालाही त्या फासायची फॅशन आली. २००४ पासून ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटानं पाय जमिनीवर आणले: बरंचसं काम नळीची भिंत करत नाही, उघडी टोकं करतात, काही ठिकाणी तर श्रेय नळ्या वाढवताना उरलेल्या लोखंडाच्या कणांचं. ‘क’ जीवनसत्त्वावर इलाज वेगळाच, नाफिऑन नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर. तो ऋणभारित, त्यामुळं जीवनसत्त्वाचे ऋण आयन बाहेर थोपवतो आणि धनभारित डोपामिनला आत येऊ देतो.

मळण्याची कृती मुंबईतून गेली नाही. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून नॅनोनळ्यांच्या लगद्याचा एक इलेक्ट्रोड आला. डोकेदुखीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन आणि कॅफिन तो एकाच वेळी वेगवेगळं मोजतो.