सामूचा आकडा आला कुठून?

माती परीक्षणाच्या कागदावरचा ‘सामू’ मुळात मातीसाठी निघालाच नव्हता! १९०९ साली डेन्मार्कात, बिअर कारखान्याच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, सोरेन्सन यांनी पाचक विकरांचा अभ्यास करताना हे माप बसवले. ७ म्हणजे मध्य. खाली आम्ल, वर विम्ल. एक आकडा घसरला की आम्लता दहापट.

आदल्याच वर्षी अमेरिकेत हेंडरसन यांनी रक्तातला सोडा आम्ल कसे आवरतो याचे गणित मांडले होते. त्यामुळेच रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास टिकतो. गाय तर रवंथ करताना लाळेबरोबर सोडाच गिळते. कोटीपोटाचा तोल त्यावर चालतो. पण दावे तोडून तिने ज्वारीच्या राशीवर ताव मारला, की पोटात आम्ल उसळते, सामू ५ च्या खाली जातो, लाळ पुरी पडत नाही आणि जनावर दगावू शकते. पोट फुगायची वाट पाहू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा.